"मी कोण?" असं पोरांना थेट विचारू नका: सीमाभागात लिहिण्याचा गट कसा चालवायचा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर या पट्ट्यात तेरा ते एकोणीस वयाच्या पोरापोरींना घेऊन लिहिण्याचा एखादा छोटा गट चालवायचं डोक्यात असेल तर हे वाचा, मग तुम्ही शाळेत शिकवत असा, वाचनालयाचं काम बघत असा नाहीतर गल्लीतली पोरं गोळा करणारे कुणी दादा किंवा अक्का असा. कथा कविता कशी लिहायची हे सांगणारे बरेच आहेत. मला बोलायचंय ते लिहिता लिहिता पोरांना स्वतःकडं जरा नीट बघता यावं याबद्दल.

ते काम त्या वयात तसंही आत चालूच असतंय. एरिक एरिकसन नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, आपण कोण याचा ठाव लावणं आणि तो लागेपर्यंत गोंधळात राहणं हेच किशोरवयाचं मुख्य काम असं त्यांनी मांडलं. आपल्याकडं त्या गोंधळात अजून चार गोष्टी पडतात. घरात मराठी, बसमध्ये कन्नड, मोबाईलवर हिंदी, आणि दहावी मराठी माध्यमातून झाली की पीयूसी (म्हणजे अकरावी-बारावी) सायन्स एकदम इंग्लिशमध्ये. मावशी कोल्हापुरात, आत्या धारवाडात, थोरला भाऊ गोव्यात कामाला. आधार कार्डावर नाव कन्नड आणि इंग्लिशमध्ये, लग्नपत्रिकेवर मराठीत. यातलं कुठलं आपलं आणि कुठलं नुसतं अंगावर पडलंय हे पोरगं कुणाला विचारणार? घरात विचारलं तर आई म्हणणार, सुम्म बस, अभ्यास कर.

आता यावर उपाय म्हणून पोरांना कागद देऊन "मी कोण?" असा विषय फळ्यावर लिहिला की काय होतं सांगतो. निबंध येतो. मी एक विद्यार्थी, मी एक भारतीय, माझे आईवडील माझे आदर्श, मला मोठेपणी समाजाची सेवा करायची आहे. प्रश्न मोठा असला की उत्तर तयार असलेलंच येतं, आणि तयार उत्तरं शाळेनं, घरानं, भाषणांनी अगोदरच देऊन ठेवलेली असतात. म्हणून खाली जे सगळं सांगितलंय ते एवढ्यावरच उभं आहे की विचारायचं छोटं, हाताला लागेल असं, आणि ते पोराच्या स्वतःच्या बोलीत कागदावर येऊ द्यायचं.

पोरं किती, जागा कुठली, वेळ कधीची

आठ ते बारा जण पुरेत. वीस झाले की वर्ग होतो, पाचच आले तर लाजाळू पोरांना लपायला जागा राहत नाही. जमलं तर आठवी ते दहावी एक गट आणि पीयू-डिग्रीवाले वेगळे, कारण पीयूचा पोरगा समोर बसला की नववीची पोरगी तोंड उघडत नाही.

शाळेचा वर्ग शक्यतो नकोच. बेंच आणि फळा दिसला की हात आपोआप निबंध लिहायला लागतो. वाचनालयाची खोली, देवळाचा सभामंडप, मंडळाचं ऑफिस, कुणाच्या घरचा सोपा, काहीही चालेल, खाली चटई टाकून गोल बसता आलं पाहिजे. आणि येणाऱ्याजाणाऱ्यानं डोकावून "काय चाललंय गा?" असं विचारायची जागा नको.

वेळ म्हणजे रविवारी सकाळी दीड तास. संध्याकाळी ठेवलात तर खेड्यातल्या पोरी येणार नाहीत, हे काही नव्यानं सांगायला नको. पोरींच्या बसचा खर्च तरी आता नाही, जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायका-पोरींना साध्या सरकारी बसमध्ये तिकीट पडत नाही, पण पोरांना पडतंय, तर लांबून येणाऱ्या पोरांच्या तिकिटाचं काहीतरी बघा, नाहीतर चार रविवार येऊन पोरगं गप गायब होतं आणि कारण सांगत नाही. सुरुवात करायला चांगला काळ एप्रिल-मे, परीक्षा झालेल्या असतात. नाहीतर जूनमध्ये शाळा लागल्यावर. भातकापणीच्या दिवसात खेड्यातली निम्मी पोरं शिवारात असतात, तेव्हा गट पातळ झाला म्हणून मनाला लावून घेऊ नका. जानेवारीत तर सुरूच करू नका, एसएसएलसी, म्हणजे दहावीची बोर्डाची परीक्षा, डोक्यावर असते आणि आई दारातनंच परत पाठवते.

घरच्यांना काय सांगायचं हा नाजूक भाग आहे. "लेखन सुधारतं, पेपरातही उपयोग होतो" हे खरंच आहे आणि सांगायलाही हरकत नाही, पण तेवढंच सांगितलं तर तिसऱ्या आठवड्यात वडील वही मागतात, बघू काय शिकवलं. म्हणून अगोदरच सांगून टाका की वही पोराची, तो दाखवेल तेवढंच बघायचं. काही पालकांना हे पटत नाही. अशांच्या पोरांची वही गटातच कपाटात ठेवायची सोय करा, किल्ली तुमच्याकडं.

पहिल्या दिवशी बोलायच्या गोष्टी

नियम जास्त नकोत. एक म्हणजे पान मधोमध दुमडलं की ते खाजगी, तुम्हीही वाचायचं नाही. दुसरं, वाचून दाखवायची सक्ती नाही, "पुढं" एवढं म्हटलं की पुढच्याकडं जायचं, का म्हणून विचारायचं नाही. तिसरं, कुणी काही वाचलं तर "हे खरं घडलंय का गं?" हा प्रश्न या खोलीत बंद. हा तिसरा नियम पोरांना सुरुवातीला गंमत वाटतो पण सगळ्यात जास्त काम तोच करतो, कारण गोष्टीच्या आडोशाला बसून खरं सांगायची मुभा मिळते.

शुद्धलेखनाला कुणी हात लावायचा नाही हेही त्याच दिवशी सांगा, आणि लाल पेन घरीच ठेवून या.

एक गोष्ट मात्र कबूल करू नका, "तुम्ही लिहिलेलं मी कुणालाच कधीच सांगणार नाही" असं. त्याचं कारण पुढं येईल. त्याऐवजी असं म्हणा की मी सहसा कुणाला सांगत नाही, पण कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर गप बसणार नाही, आणि बोलायच्या आधी तुला सांगेन.

भाषा: इथं सगळ्यात जास्त वेळ द्या

आपल्या भागातली पोरगी दारातनं आत येताना म्हणते, "मी आलो टीचर". मी आलो, मी जेवलो, मी जातो. पुण्याला गेली की हॉस्टेलवर पहिल्याच आठवड्यात पोरी हसतात आणि मग ती तोंड मिटते किंवा घाईघाईनं "आले, गेले" शिकते, आणि दिवाळीला घरी आल्यावर आजी म्हणते, बया, लई शहाणी झालीस. आता ही पोरगी तुमच्या गटात लिहायला बसली तर कुठलं क्रियापद लिहील? शाळेनं शिकवलेलं "आले" लिहील आणि त्याच्याबरोबर शाळेतलं सगळं वाक्य येईल, सुट्टीत मी मामाच्या गावी गेले होते. तिला एकदा म्हणा, बोलतेस तसं लिही. "मी गेलो की मामाकडं, मामा घरातच नव्हता, मामी म्हणाली बस, काय करूलालास आता शाळेत." बघा, मामी आली. मामा घरात नव्हता हेही आलं, जे पहिल्या वाक्यात आलंच नसतं.

तसंच कन्नडचं. कंडक्टर "टिकेट तगोरी, मुंद होगरी" म्हणत असेल तर पोरानं तसंच देवनागरीत लिहावं, खाली अर्थ द्यायची गरज नाही, आपल्या वाचणाऱ्याला कळतंय. घरातली भाषा कन्नड आणि शाळा मराठी, किंवा घरात उर्दू, कोकणी अशीही पोरं आपल्याकडं असतातच, त्यांना तर हे दार उघडं पाहिजेच. वाक्याच्या मधेच भाषा बदलली तर बदलू दे.

कुणी शिक्षक म्हणतील, मग प्रमाण मराठी कधी शिकणार? शिकतील की, त्यासाठी शाळा आहे, पेपर आहेत. इथं येऊन परत तेच कशाला. आणि बोलीत लिहिलं म्हणजे साहित्य कमी पडतं असं कुणाला वाटत असेल तर आपल्याच जिल्ह्यात बघा, हुक्केरी तालुक्यातल्या घोडगेरीचे चंद्रशेखर कंबार, उत्तर कर्नाटकच्या खेड्यातली कन्नड बोली घेऊन लिहीत राहिले आणि २०१० चं ज्ञानपीठ त्यांना मिळालं. धारवाडचे द. रा. बेंद्रे, घरात मराठी आणि कविता कन्नडमध्ये, त्यांनाही ज्ञानपीठ. इकडं सुळेभावीचा शिवपुत्र कोमकली नावाचा कन्नड घरातला मुलगा पुढं कुमार गंधर्व झाला आणि त्यांची मराठी भजनं आपण सकाळी लावतो. ही नावं पोरांना जरूर सांगा, भाषण म्हणून नको, सहज बोलता बोलता, म्हणजे दोन भाषांच्या मधे उभं राहणं ही आपल्या एकट्याचीच अडचण आहे असं वाटायचं थांबतं. इंदिरा संतांचंही सांगा, एवढ्या मोठ्या कवयित्री इथं बेळगावात राहून शिकवत होत्या हे आजच्या पोरांना माहीतच नसतं.

सराव, साधारण याच क्रमानं

पहिला सराव वस्तूंचा. घराच्या दारापासून चुलीपर्यंत मनात चालत जायचं आणि वाटेत दिसणाऱ्या दहा वस्तू लिहायच्या, नुसती नावं, "सुंदर", "जुनी" असलं काही जोडायचं नाही. पाच मिनिटं. मग त्यातल्या अशा एका वस्तूला गोल करायचा जी दुसऱ्या कुणाच्या घरात बहुतेक नसेल. निपाणीकडच्या पोरीच्या यादीत आईचं बिडीचं सूप येतं, कॅम्पातल्या पोराच्या यादीत मराठा लाइट इन्फंट्रीतनं रिटायर झालेल्या आजोबांची काळी ट्रंक येते, आणि कुंद्याचा (बेळगावच्या मिठाईचा) रिकामा बॉक्स ज्यात सुईदोरा ठेवलाय तो तर चार जणांकडं निघतोच आणि तिथं सगळी हसतात, ते हसणं होऊ द्या, गट तिथं जमतो. मग त्या एका वस्तूवर दहा मिनिटं: तिला हात कोण लावतं, कुणाला लावू देत नाहीत, ती हरवली तर घरात पहिलं कोण ओरडेल.

दुसऱ्या आठवड्यात माणूस. घरातल्या एका माणसाबद्दल लिहायला सांगा आणि इथं तुम्हाला खरं काम आहे. समजा वडगावच्या एका पोरानं लिहिलं, "माझे बाबा खूप कष्ट करतात. ते माझे आदर्श आहेत." यावर छान म्हणून सोडू नका आणि हे काय लिहिलंस असंही नको. प्रश्न विचारा, आणि प्रश्न डोळ्याकानाचे. बाबा कामावरनं आले की पहिलं काय करतात? पोरगं जरा वेळ छताकडं बघेल. "कानातला कापूस काढतात." कसला कापूस? "मागाचा आवाज असतोय ना, म्हणून घालतात." आणि कापूस काढायच्या आधी बोललं तर? "ऐकू येत नाही. मग ते ओरडून बोलतात. आम्हाला वाटतं चिडलेत." बास, एवढंच लिही म्हणायचं. त्यानं लिहिलेलं साधारण असं होतं: "बाबा मागावरनं आले की पहिला कानातला कापूस काढतात. तोवर आई काहीच बोलत नाही. लहान असताना मला वाटायचं बाबा रोज चिडूनच घरी येतात." आदर्श हा शब्द गेला आणि बाप आला. आणि पुढच्या रविवारी तेच पोरगं न विचारता लिहितं की मी पण मोठ्यानं बोलतो, वर्गात सगळे मला चिडका म्हणतात. हे "मी कोण"चं उत्तर आहे की नाही? प्रश्न न विचारता आलं.

तिसरा सराव हाकांचा. आपल्याला कोण काय हाक मारतं याची यादी: आजी, चिडलेली आई, हजेरी घेणारे सर, क्रिकेटमधली पोरं, कंडक्टर, इन्स्टाग्रामवरचं नाव, शाळेच्या दाखल्यावर चुकलेलं नाव. प्रत्येक हाकेपुढं एक ओळ, ती हाक ऐकली की मी कसा होतो. मग एक हाक निवडायची जी आवडत नाही तरी ओ द्यावी लागते, आणि तिच्यावर लिहायचं. एक सावधगिरी बाळगा, आडनाव मोठ्यानं वाचून घेऊ नका. आपल्याकडं आडनावातनं गाव कळतं आणि बऱ्याचदा जातही कळते, आणि एखाद्या पोरानं ती गोष्ट या खोलीत तरी बाजूला ठेवलेली असते. त्याला ती आणायची असेल तर तो आणेल, आणि आणली तर खोलीतल्या बाकीच्यांनी गप ऐकायचं, "आमच्यात असलं काही नसतं" हे वाक्य तिथं कुणी बोलू नये याची जबाबदारी तुमची.

चौथा नुसता संवादाचा, आणि पोरांना हाच सगळ्यात आवडतो. सेंट्रल बसस्टँड ते गाव, बसमधलं बोलणं, वीस ओळी, मधे "तो म्हणाला, ती म्हणाली" काही नाही. कोण बोलतंय ते भाषेवरनंच कळलं पाहिजे. एक पात्र स्वतः. मग विचारायचं, यात तू कुणाशी कुठल्या भाषेत बोललास, आणि कुणाशी बोलताना आवाज बारीक झाला? कॉन्व्हेंटची मैत्रीण चढल्यावर आईशी मराठीत बोलायचं कुठल्या ओळीत थांबलं हे पोरी स्वतःच पेन्सिलनं खूण करून दाखवतात. त्यावर तुम्ही काही बोलायची गरज नसते, खरंच काही बोलू नका.

पाचवा जरा जड, म्हणून महिनाभर झाल्यावरच घ्या. गेल्या काही दिवसात जिथं बोलायचं होतं पण गप बसलो असा प्रसंग, पण "मी" वापरायचं नाही. "तो" किंवा "ती". ती दारात उभी होती. तिचा फोन काकांच्या हातात होता. स्वतःला असं दोन पावलं लांब उभं केलं की लाज कमी होते आणि बारीकसारीक जास्त दिसतं. लिहून झालं की पान उलटून तोच प्रसंग दुसऱ्याच्या तोंडून, म्हणजे फोन तपासणाऱ्या काकांच्या. काकांना माफ करायला सांगत नाही मी, आणि पोरीला तसं वाटू देऊ नका. फक्त त्यांच्या डोक्यात त्या वेळी काय चाललं असेल ते तिनं तिच्या बाजूनं रचायचं. काही पोरी दुसरं पान कोरं ठेवतात. ठेवू देत.

सहावा सोंगाचा. एक पात्र तयार करायचं ज्यात माझी एक गोष्ट खरी आणि एक गोष्ट बरोब्बर उलटी. मी बुजरा, तो धीट, पण दोघांनाही वडील नाहीत. मी मुलगी, तो मुलगा, पण दोघांचा आवाज सारखाच. वैशाखातल्या शिवजयंतीला आपल्याकडं चित्ररथावर पोरं मावळे होऊन उभी असतात ना, तिथनं सुरुवात करून देता येते: ज्याला चित्ररथावर काम मिळालं नाही आणि जो खाली ढकलगाडीबरोबर चालतोय त्याच्या तोंडून लिहा. किंवा जिला मावळा व्हायचं होतं पण हातात आरती दिली. कुणाच्या मनात स्वतःच्या मुलगा-मुलगी असण्याबद्दल, आवडीनिवडीबद्दल काही वेगळं चाललं असेल तर ते बहुधा याच सरावात हळूच बाहेर येतं, आणि आलं तर गोष्ट म्हणूनच वाचा, पात्राबद्दलच बोला. पोराला खोलीसमोर उघडं पाडायचा अधिकार आपल्याला नाही.

"दहा वर्षांनंतरचा मी" हा सराव सगळीकडं सांगतात, मला तो आवडत नाही. इंजिनिअर, आयएएस आणि गाडी, संपलं. त्यापेक्षा दोन सकाळी लिहायला सांगा, सात वाजताच्या. एक बंगळूरच्या नाहीतर पुण्याच्या खोलीतली, एक इथल्याच घरातली. चहा कुणी केला, खिडकीतनं काय दिसतंय, फोन कुणाचा आला. कुठल्या सकाळीला जास्त ओळी लागल्या ते मोजायचं.

वाचन आणि त्यावर बोलणं

वाचून झाल्यावर टाळ्या नकोत, "मस्त", "भारी" पण नको. ऐकणाऱ्यानं एवढंच सांगायचं की कुठली ओळ डोक्यात राहिली, आणि अजून काय ऐकायचं होतं. सुधारणा सांगायची ती लिहिणाऱ्यानं मागितली तरच. तुम्ही स्वतःही दर वेळी त्यांच्याबरोबर लिहा आणि कधीमधी वाचा, पण पहिलं वाचू नका, नाहीतर सगळी तुमच्यासारखं लिहायला लागतात.

सीमाप्रश्न आला की

येणारच. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार राज्यं झाली, तेव्हापासनं तो एकच दिवस इथं एका गल्लीत राज्योत्सव आणि दुसऱ्या गल्लीत काळा दिन, आणि पोरं दोन्ही बघत मोठी झालीत. विषय बंद ठेवलात तर पोरांना कळतं की इथं पण खरं बोलायचं नाही. नुसता मोकळा सोडलात तर घोषणा येतात, आणि घोषणा मोठ्या माणसांच्या असतात, पोरांच्या नसतात.

मग काय करायचं, त्या दिवसाची सकाळ ते संध्याकाळ लिहायला सांगायची. त्या दिवशी तू कुठं होतास, आईनं दार लावून घेतलं का, दुकान उघडलं का, कन्नडवाला मित्र त्या दिवशी खेळायला आला का, राज्याच्या हद्दीवरच्या कोगनोळीच्या नाक्यापासनं बस परत फिरली तेव्हा मामाच्या लग्नाला कसे पोचलात. घोषणा ऐकू आली तर ती ज्यानं दिली त्याच्या तोंडात लिही, त्याचा चेहरा कसा होता तेही लिही. गटात कन्नड घरातलं एखादं पोरगं असेल तर ते सगळ्यात शेवटी किंवा एकटं वाचतंय असं होऊ देऊ नका, मधे कुठंतरी त्याची पाळी येऊ दे. आणि तुमचं स्वतःचं मत, ते कुठलंही असो, चपलेबरोबर बाहेर ठेवा. या विषयावरचं काहीही व्हॉट्सॲप स्टेटसला जाणार नाही हे मात्र पक्कं ठरवून घ्या, असल्या स्टेटसवरनं इथं वाद पेटायला वेळ लागत नाही.

कागदावर जड काही आलं तर

जेम्स पेनबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८६ साली सँड्रा बील यांच्याबरोबर एक प्रयोग छापला होता. कॉलेजच्या मुलांनी ओळीनं चार दिवस रोज पंधरा मिनिटं आपल्या आयुष्यातल्या सगळ्यात त्रासाच्या गोष्टीबद्दल लिहायचं. ज्यांनी घटना आणि त्याबद्दल काय वाटलं असं दोन्ही लिहिलं त्यांना लिहून झाल्या झाल्या जास्त वाईट वाटलं, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. यातनं लोक दुसरा भाग लक्षात ठेवतात आणि पहिला विसरतात. लिहिल्या लिहिल्या वाईट वाटतं. म्हणून जड सरावानंतर पोरांना लगेच बसला पाठवू नका, शेवटची पंधरा मिनिटं काहीतरी हलकं ठेवा, भेंड्या, चहा, शेंगा, गप्पा. आणि "तुझ्या आयुष्यातलं मोठं दुःख लिही" असं आपण कधीच सांगायचं नाही. आलं तर आपणहून येऊ दे.

मरणाबद्दल, स्वतःला इजा करण्याबद्दल लिहिलेलं दिसलं आणि वही तुम्हाला वाचायला दिलेली असेल तर त्या पोराशी त्याच दिवशी बाजूला घेऊन बोला, सरळ विचारा, हे गोष्टीतलं आहे की तुला स्वतःला असं वाटतंय. विचारल्यानं ते डोक्यात घुसत नाही, विचारणारं कुणी आहे हे कळतं. वर सांगितलेला तिसरा नियम इथं तुमच्यापुरता बाजूला. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास फुकट आहे, मुलांसाठी चाइल्डलाइनचा १०९८. दोन्ही नंबर खोलीत भिंतीवर पहिल्या दिवसापासनं मोठ्या अक्षरात लावून ठेवा, म्हणजे कुणा एकासाठी लावलेत असं वाटत नाही.

अठराच्या आतल्या मुलावर लैंगिक अत्याचार झालाय किंवा होतोय असं तुम्हाला कळलं तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानं ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, कळलेल्या कुणावरही, शिक्षक असो नसो. पहिल्या दिवशी संपूर्ण गुप्ततेचा शब्द द्यायचा नाही म्हटलं ते यासाठी. अशा वेळी पोराला खोदून खोदून विचारू नका, ते काम आपलं नाही, नीट ऐका आणि १०९८ ला फोन लावा, पुढं कसं जायचं ते तिथनं सांगतात. गावातली चार मोठी माणसं बसून मिटवतील हा मार्ग तर अजिबात नको, घरातलीच माणसं त्यात असली तर पोरगं एकटं पडतं.

लिहीतच नाहीत ती पोरं, आणि चॅटजीपीटी

काही पोरं येतात, बसतात, वहीत रेघोट्या मारतात. मारू देत. त्यांना यादीचे सराव द्या, पूर्ण वाक्यं मागू नका. मोबाईलवर बोलून रेकॉर्ड करून मग तेच उतरवून काढणं बऱ्याच जणांना जमतं, खासकरून ज्यांना देवनागरी लिहायचा कंटाळा आहे अशा इंग्लिश मीडियमच्या पोरांना. रोमन अक्षरात मराठी लिहिलं तरी सुरुवातीला चालवून घ्या. चॅटजीपीटीवरनं आणलेलं लगेच ओळखू येतं, त्यात आजी नेहमी अंगणातल्या तुळशीपाशी असते. ओरडायचं नाही, फक्त विचारायचं, तुझी आजी आत्ता या मिनिटाला काय करत असेल? टीव्हीवर सीरियल बघत कन्नडमध्ये शिव्या देत असेल, टीचर. मग ते लिही की.

बाहेर काढायचं असेल तर

घाई करू नका, तीनचार महिने तरी जाऊ देत. मग पहिलं हस्तलिखित काढा, जुन्या पद्धतीनं, पोरांच्याच अक्षरात, झेरॉक्स मारून जेवढी पोरं तेवढ्याच प्रती. कुठलं पान जाणार ते लिहिणाऱ्यानं ठरवायचं, आणि छापायच्या आदल्या दिवसापर्यंत काढून घ्यायची मुभा ठेवायची. घरच्यांची नावं, गल्लीचं नाव बदलायचं. नावाऐवजी टोपणनाव हवं असेल तर द्यायचं, कोण कोण आहे ते गटाबाहेर कुणी सांगायचं नाही.

हिवाळ्यात कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमानी, सांबरा अशा गावागावांत आपली ग्रामीण मराठी साहित्य संमेलनं भरतात, तिथं कवी संमेलनात नव्या पोरांना जागा मिळायची शक्यता असते, आयोजकांना महिनाभर आधी भेटा. पण तिथं माईकसमोर काय वाचायचं हे नीट निवडा. मांडवात मामा, सर, शेजारी सगळे बसलेले असतात. गटात धीटपणे वाचलेली कविता तिथं वाचल्यावर रात्री घरी काय होईल याचा विचार पोरगी करत नाही, तुम्ही करा, आणि तिच्याशी आधी मोकळं बोला. बसची, सोंगाची, वस्तूची पानं अशा ठिकाणी उत्तम चालतात. मंडप हसतो पण आणि पोराचं काही उघडंही पडत नाही.

फोटो काढून पेपरात बातमी द्यायचा मोह सगळ्यांनाच होतो. वह्यांच्या पानांचे फोटो देऊ नका. पोरांचे चेहरे द्यायचे तर घरच्यांचं आणि पोरांचं, दोघांचंही हो घ्या. वर्ष संपलं, कुणी पीयूला निपाणीला गेलं, कुणी डिप्लोमाला हुबळीला, की कपाटातल्या सगळ्या वह्या ज्याच्या त्याला परत करा, तुमच्याकडं एकाही पानाची कॉपी ठेवू नका. कुणी वही न्यायला आलंच नाही तर शाळेत किंवा घरी पाठवून देऊ नका, फोन करा, आणि घरी आई उचलेल तर म्हणा, मॅडम बोलतोय, त्याचं एक पेन राहिलंय इकडं, रविवारी येऊन घेऊन जायला सांगा.